पाखराचं पाखराला

१

सरदार हंबीररावांचा दुसरा राघू मेला, त्या सकाळी त्यांच्या माणसांनी लालासाबला त्याच्या पाखरांच्या दुकानातून उचलून नेलं. मला ते कळलं संध्याकाळी, त्याची बायको हुसेनबी आमच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा. तिच्या पायांत वहाणा नव्हत्या.

"मास्तर असते तर त्यांच्याकडं आले असते," ती म्हणाली. "आता तुमच्याकडं आलेय, ताई."

मी तिला आत घेतलं. ती बसते न बसते तोच माजघरातल्या अंधारातून माझ्या वडिलांचा आवाज आला, "ताई, दिवा लाव."

हुसेनबीनं पदराचा बोळा तोंडाशी धरला. मी दिवा लावला. पिंजऱ्यात शास्त्री मान तिरकी करून माझ्याकडे बघत होता.

शास्त्री म्हणजे बाबांचा पोपट. नृसिंह मास्तरांनी अर्ध्या पेठेला बाराखडी शिकवली आणि उरलेल्या वेळात या पाखराला. पावकी-निमकीचे काही आकडे, संध्येतली थोडी नावं आणि तिन्हीसांजेला मला मारायची ती हाक, एवढं त्याला येई. लग्नानंतर वर्षाच्या आत कपाळ पुसून मी माहेरी आले, तेव्हापासून ती हाक घरात होती. त्यानंतर बाबांनीच मला शिकवलं, मुलींच्या शाळेत नोकरीला लावलं, पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात धाडलं. मी तिकडे असतानाच ते तापानं पडले. मी आले, आणि दसऱ्याआधी ते गेले. हाक राहिली.

मी आले तेव्हा शास्त्रीची पिसं गळत होती. मग डोकं उघडं पडलं, डाळ फोडणंही त्यानं सोडलं; मी ती भिजवून देऊ लागले. पेठ म्हणे, मास्तरांच्या दुःखानं पाखरू झुरतंय. मलाही ते खरं वाटे. आपल्यासारखंच झुरणारं घरात आणखी कुणी आहे, याचा आधार असे.

हुसेनबीनं सांगितलं ते असं. हंबीररावांच्या राघूंची पिसं गेली, चोची वाढून चिरल्या, आणि दोन्ही उपाशी मेले. पिंजऱ्याच्या तळाला पेरूची एक सुकलेली फोड सापडली, सालीवर पिवळं काहीतरी लागलेलं.

"पागेवरचा आकाराम म्हणतोय, हरताळ हाय, ते पिवळं ईख. हरताळ-चुन्यानं माणसाचं केस जात्यात, तशी पिसं घालवली म्हणं. एक पाखरू मेलं की दुसरं इकायला हे मोकळं. राघवांची नखं कापायला त्या घरात हेच जात्यात, मग दुसरं कोण?"

"लालासाबचाचा काय म्हणतात?"

"न्हाय म्हणत्यात. बाजारादिशी पेठेतलं पंच बसणार. तोंडाला काळं फासून वेशीबाहेर काढायचं मनात हाय त्यांच्या. दुकानाची जागा हंबीररावांचीच. पिंजरं तोडून पाखरं उडवली, ताई. दम्याचं माणूस. उसाच्या फडावर तरी कोण ठेवून घेणार त्याला?"

ती उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली.

"अजून एक हाय. गेल्या साली दुकानात पांढरं पाखरू आलतं. तुऱ्याचा काकाकुवा. आकारामनं बघितलंतं. आज सगळ्यांपुढं ह्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, असलं पाखरू माझ्याकडं आलंच न्हाय. ताई, आलंतं. मी सवता त्याला दाणा घातलाय."

२

हंबीरराव बाबांचे विद्यार्थी. एवढ्यानंच मला आत घेतलं.

"मास्तरीणबाई," ते चौकातल्या खुर्चीवरून म्हणाले, "त्या इसमाची रदबदली करायला आला असाल, तर चहा घ्या आन् जावा."

"रदबदली नाही. मला मेलेलं पाखरू बघायचंय."

"बघा की. मेलेल्याला कसला पडदा?"

आकारामनं फडक्यात गुंडाळलेला राघू माझ्यापुढे ठेवला. माणूस पन्नाशीचा, मिशा पांढऱ्या, मालकाहून जास्त मालक वाटणारा.

अंग जवळजवळ उघडं होतं. पंखांवर नवी पिसं फुटत होती, ती मी वाकून पाहिली. प्रत्येक पीस मुळाशी दोऱ्यानं करकचून आवळल्यासारखं, आणि नळीत काळं रक्त सुकलेलं.

"आकाराम, हरताळ लावला तर आलेला केस गळतो. मग नवा कसा येतो?"

"कसा म्हंजे? सरळ येतो की."

"हे पीस सरळ आलेलं नाही. ते आतूनच बिघडून आलंय."

"शिकल्याल्या बायकांचं डोळं बारीक," तो म्हणाला. "मग चोच पन आतनंच बिघडली म्हणायची."

"तेच म्हणतेय मी."

मग त्यानं पेरूची फोड दाखवली. पाखरानं टोचून अर्धी केलेली, वाळून तपकिरी झालेली. सालीवर पिवळा डाग होता, पण तो माखलेला नव्हता. बोटाच्या पेरानं लावलेला एकच गोल ठिपका.

"तुझं आणि लालासाबचं वाकडं आहे म्हणतात," मी म्हणाले.

"हाय की. नेसरीच्या डोंगरातनं मी पिल्लं आणलीती, ह्यानं मालकांस्नी सांगून परत धाडली. म्हणं, डोळं न उघडल्याली पिल्लं आईखालनं काढू ने. राग हाय माझा. पन राग माणसावर असतोय बाई, राघवावर न्हाय."

एवढ्यात सोप्याच्या दारात मुलाची दाई बयाबाई येऊन थांबली. कडेवर हंबीररावांचा नातू, चांगला मोठा, कडेवर न शोभण्याइतका. त्यानं रिकाम्या पिंजऱ्याकडे बोट केलं, ओठ हलवले, आवाज आला नाही. बयाबाईनं माझ्या हातातली फोड पाहिली आणि पोराला घेऊन लगेच माघारी वळली.

"नातू आमचा," हंबीरराव घाईनं म्हणाले. "लाजरा हाय. राघू त्याच्यासाठीच आणलंतं."

"खेळायला?"

"व्हय. खेळायला." त्यांनी मान फिरवली. मेलेल्या पाखराची एवढी आग या माणसाला का लागावी, हे मला तोवर उमगलं नव्हतं.

लालासाबला पागेत बसवून ठेवलं होतं. घोड्यांच्या वासात त्याचा दमा उसळला होता.

"कशाला आलासा हितं, ताई? पाय घाण हुत्यात."

"चाचा, काकाकुवा कुठं गेला?"

"कसला काकाकुवा?"

"हुसेनबीनं त्याला दाणा घातलाय."

तो खोकला, बराच वेळ. "बायकांस्नी सपनं पडत्यात," तो म्हणाला. मग हळूच विचारलं, "ताई, शास्त्री बोलतोय न्हवं अजून? मास्तरांवानी?"

"बोलतो."

"मग झालं." त्यानं तोंड भिंतीकडे केलं. "तुम्ही ह्यात पडू नका. खणत गेलासा तर तुमचंच कायतरी सुटंल हातातनं. ते मग कुठल्या दुकानात मिळायचं न्हाय."

३

शाळा सुटल्यावर मी पेठेत फिरले. पोपटांना हाच रोग लागलेली आणखी दोन घरं होती, वकिलांचं आणि तांबटांचं.

वकिलांची मुलगी माझ्या वर्गात होती. त्यांचा पोपट मिरजेहून मामानं आणलेला. लालासाबनं त्या घराचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. तरी पाखराची तीच गत झालेली. मुलीची आजी मेलेल्या पोपटाचा रिकामा पिंजरा उशाशी घेऊन बसली होती. "गुणी होता हो," ती म्हणाली. "धाकट्या नातवाला मी रोज त्याच्यापुढं बसवत होते. दोघांनी मिळून एक शब्द काढला असता तरी पुरे होता."

तांबट आळीत घणांच्या आवाजात काही ऐकू येईना. तांबटांचा राघू अजून जिवंत होता, पण चोचीचं वरचं टोक चिरलेलं, आणि भिजवलेला दाणाही त्यातून निसटत होता. पिंजऱ्याच्या तळाशी पेरूची वाळकी फोड. तिच्या सालीवर पिवळा ठिपका.

"ही कुणी दिली?"

तांबटीण माझ्याकडे न बघता म्हणाली, "पेरू हाय, बाजारात मिळतोय." मग विषय बदलायला हसली. "ह्या ठोकाठोकीत आमचं पोरगं बोलायला शिकंना, पाखरू काय शिकणार?"

शेवटी सराफांकडे गेले. हंबीररावांच्या जोडीबरोबर, एकाच दिवशी, लालासाबनंच त्यांना पोपट विकला होता. तो दांडीवर धडधाकट बसला होता. हिरवागार, चोच मिरचीसारखी लाल. मला पाहताच ओरडला, "उद्या या." सराफीण ओशाळली. "यांचंच ऐकून शिकलाय. घरात दुसरं बोलणारं आहे कोण? मूल नाही, बाळ नाही."

म्हणजे लालासाबचा पोपट धड, आणि लालासाबचा नसलेला मेला. विक्रेता सुटत होता. पण त्याच्या जागी उभं करायला माझ्याजवळ कुणी नव्हतं. आणि बाजार परवावर आला होता. पंचांना 'हा नाही' पुरत नाही. त्यांना 'मग कोण' लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा होती. वर्गात मी एक प्रश्न विचारला. एकही मुलगी उत्तर देईना. "तोंडात जीभ आहे ना?" मी म्हणाले, आणि तशीच उभी राहिले.

वकिलांचा धाकटा. तांबटांचं पोर. हंबीररावांचा नातू, ओठ हलवणारा. जिथं पोपट गेला तिथं जीभ न फुटलेलं एक मूल होतं. जिथं पोपट धड होता तिथं मूलच नव्हतं.

४

बयाबाई पंचगंगेच्या घाटावर पोराचे कपडे धूत होती. मी खालच्या पायरीवर बसले.

"बयाबाई, पोर बोलत नाही ना?"

तिनं इकडंतिकडं पाहिलं. "हळू बोला. मालकांनी त्यो शबुद काढायचा न्हाय म्हणून ताकीद दिलीया. सरदारांच्या घरात मुकं पोर म्हंजे लोकांस्नी जेवणच."

"म्हणून पेरू?"

तिचा हात धुण्यावर थांबला.

"मालकांचा राघू पोरासाठीच हुता," ती म्हणाली. "पाखरू बोलंल, त्याचं ऐकून पोर बोलंल. पन जोडी निघाली मुकी. मग मी म्हटलं, आपलं जुनं हाय ते करावं. बोलक्या राघवाचं उष्टं पोराच्या जिभंला लावायचं. चोच मारल्याला पेरू. समदी करत्यात. हळदीचा ठिपका लावून द्यायचा आन् घ्यायचा, देवाच्या परसादावानी."

"हळद," मी म्हणाले.

"मग काय? ईख व्हय?"

"आणि पोरानं खाऊन उरलेलं?"

"ते टाकायचं नसतं, बाई. पायाखाली आलं तर जीभ जड हुती. पाखराचं पाखराला. घरातल्या राघवाच्या पिंजऱ्यात टाकायचं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "ते लिंबावानी पिवळं हाय म्हणून हरताळ ठरवलं त्या आकारामनं. मी त्याच वक्ताला सांगितलं असतं. पन सांगितलं की पोर मुकं हाय हे चव्हाट्यावर येतंय, आन् मालक मला उभी चिरतील. तिकडं त्यो म्हातारा खोकतोय. मला भाकर गिळंना झालीया."

"बोलका राघू कुणाचा, बयाबाई? तू उष्टं आणलंस ते कुठून?"

तिनं मान वर केली. मला वाटलं ती हसतेय. ती बिचकली होती.

"तुम्ही मला इचारतासा?" ती म्हणाली. "तुमच्याच मागल्या दारातनं की."

५

आमच्या घरी धुण्याभांड्याला विठाबाई येते, मी परकरात होते तेव्हापासून. मी शाळेत गेले की घर तिचंच. मी परतले तेव्हा ती परसात शास्त्रीचा पिंजरा उन्हाला ठेवून बसली होती. तिच्या उजव्या हाताचं बोट पेराशी पिवळं होतं. ते मी रोज बघत होते. स्वयंपाकघरात वावरणाऱ्या बाईचं बोट पिवळं असणारच, यात बघण्यासारखं मला काही वाटलं नव्हतं.

"विठाबाई, मागच्या दाराशी बायका कधीपासून येतात?"

"लई वरसं. मास्तर सवता द्यायचं. म्हणायचं, इठे, हे खोटं हाय, पन आईचा हात रिकामा धाडू ने." तिला अजून काही कळलं नव्हतं. "ते गेल्यावर मी देतीया. त्यांचं पुण्य कशाला मोडायचं?"

"काकाकुवा आला होता का आपल्याकडे?"

"पांढरा? आलता की. तुम्ही पुण्याला हुतासा. कुण्या सर्कशीवाल्यानं लालासाबच्या गळ्यात मारला. पिसं झडल्याली, चोच फाटल्याली. लालासाब म्हणाला, माझ्या पाखरांत न्हाय ठेवायचा मी, मान मुरगाळतो. मास्तरांनी हात धरला त्याचा. शास्त्रीच्याच वाटीतनं चारलं त्याला. पावसाळ्याआधी मेला. परसात पेरूखाली पुरलाय."

मी आत गेले. बाबा शेवटचं वाचत होते तो भूगोलाचा ग्रंथ अजून त्यांच्या उशाशी होता. गळालेलं पीस ते पुस्तकात खुणेला ठेवत. मी पान उघडलं. हिरवं पीस, मुळाशी आवळलेलं, नळीत काळं रक्त. बाबांनी हे पान मिटलं, त्यानंतर ते उठून बसलेच नाहीत.

म्हणजे पिसं बिघडू लागली तेव्हा बाबा हिंडते-फिरते होते. शास्त्री त्यांच्या दुःखानं झुरत नव्हता. झुरत होते ती मी एकटी.

लालासाब खोटं का बोलला, तेही आता कळलं. त्यानं बाबांना काकाकुवा नको म्हणून सांगितलं होतं. पुढं शास्त्रीची दशा त्यानं पाहिली असणार. कुठून काय आलं याचा अंदाज त्याला होता. आणि काकाकुवा कुठं गेला हे त्यानं सांगितलं असतं, तर पंच थेट या पिंजऱ्याशी आले असते.

बाहेर ऊन उतरलं. परसातून आवाज आला, "ताई, दिवा लाव."

मी गप्प बसले, तर बाबांचं नाव राहणार होतं आणि त्यांचा आवाजही. फक्त एक म्हातारा तोंडाला काळं फासून, खोकत, वेशीबाहेर जाणार होता.

६

दुसऱ्या दिवशी देवळापुढच्या पारावर पंच बसले. बाजाराला आलेले लोक कडेनं उभे. लालासाबला खाली बसवलं होतं. कुणीतरी हंडीच्या बुडाची काजळी काढून तयार ठेवली होती.

मी पिंजरा फडक्यानं झाकून आणला होता. तो पाहताच लालासाब उठायला लागला. "ताई, घरी जावा. पाया पडतो तुमच्या."

"बसा, चाचा."

आकारामनं पेरूची फोड पुढे केली. मी हंबीररावांना म्हणाले, "तुमची चंची द्या."

"पान खायचंय व्हय?" कुणीतरी मागून म्हणालं. लोक हसले. हंबीररावांनी चंची दिली.

मी चुन्याच्या डबीत बोट बुडवलं. "कुंकू कसं होतं, हे इथल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. हळदीला चुना लागला की ती लाल होते. हरताळ पिवळाच राहतो." मी ओलं बोट सालीवरच्या ठिपक्यावर घासलं आणि फोड आकारामच्या हातात दिली.

त्यानं ती उन्हात धरली. "लाल झालं," तो म्हणाला. मग, माणूस खरा, मोठ्यानं म्हणाला, "हळद हाय, मालक. माझी चूक झाली."

"मग राघू मेलं कशानं?" हंबीररावांनी विचारलं.

मी सांगितलं. कुणाच्या घरी कुठलं मूल बोलत नाही, हे मी सांगितलं नाही. मी एवढंच म्हणाले की या पेठेत एक जुना रिवाज आहे, तो सगळ्या आयांना ठाऊक आहे, आणि त्यांना मी दोष देत नाही. गर्दीतल्या बायकांनी माना खाली घातल्या. बयाबाईनं पोराचं डोकं खांद्याशी दाबून धरलं. हंबीररावांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना कळलं. राग येईल असं मला वाटलं होतं. त्यांचा चेहरा नुसता थकला.

"प्लेगच्या साली आपण सगळे माळावर झोपड्या घालून राहिलो," मी म्हणाले. "घरात उंदीर मेला की घर सोडायचं, हे आपण शिकलो. डोळ्याला न दिसणारं काहीतरी एका अंगातून दुसऱ्यात जातं. हेही तसंच. आजारी पाखराच्या चोचीतून पेरूत, पेरूतून धड पाखरात. मुलांना त्यानं काही झालेलं नाही. राघू तेवढे गेले. लालासाबनं आजारी पाखरू दुकानात ठेवायला नकार दिला होता. ते ज्यांनी दयेनं घरी नेलं, ते माझे वडील."

मी फडकं काढलं. पेठेनं शास्त्रीला पिसांशिवाय उन्हात कधी पाहिलं नव्हतं. पंखातलं एक फुटतं पीस आणि पुस्तकातलं पीस मी आकारामला दाखवलं. त्यानं मेलेल्या राघूचं पीस जवळ धरलं. तिन्ही मुळाशी सारखीच आवळलेली होती.

"मास्तरांनी?" एक पंच म्हणाला. "मास्तरांच्या घरातनं?"

"त्यांना ठाऊक नव्हतं," लालासाब खालूनच म्हणाला. "त्यांनी कुणाचं वाईट चितलं न्हाय. लिहून घ्यायचं असलं तर हे आधी लिव्हा."

हंबीरराव उठले. त्यांनी काजळीचं भांडं पायानं लांब सारलं आणि लालासाबला हात देऊन उभं केलं. "दुकान उघड, म्हाताऱ्या," ते म्हणाले. "पिंजरं मी करून देतो." माझ्याजवळ येऊन थांबले. आवाज खाली आणला. "मास्तरांचं पाखरू हाय. त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. आम्ही सांगणार न्हाय. उष्टं तेवढं बाहेर जाऊ देऊ नका."

मला तेवढं पुरे होतं. मी पिंजरा घेऊन घरी निघाले. वाटेत मनाशी ठरवत होते: माजघरातच ठेवीन, मागच्या दाराला कुलूप, वाटी वेगळी, उष्टं जाळून टाकायचं. शास्त्री किती जगेल ठाऊक नाही. जगेल तेवढा जगू दे.

७

मागच्या दाराशी एक बाई बसली होती. धुळीनं पाय भरलेले, मांडीवर झोपलेलं पोर.

"कबनुरास्नं आले," ती म्हणाली. "चालत. तुमच्या राघवाचं ऐकून आले, बाई. तीन पोरं गेली, ही एक राहिली, ती बोलंना. पेरू मी सवता आणलाय. एक डाव चोच लावू द्या नुसती."

मी तिला पाण्याचा तांब्या दिला. सगळं समजावून सांगितलं. पाखरू आजारी आहे, उष्ट्यातून दुसऱ्या पाखरांना लागतं, पोराला त्याचा काही उपयोग नाही. तिनं प्रत्येक वाक्याला मान हलवली.

"व्हय," ती म्हणाली. "पन पोरीला काय हुत न्हाय म्हणतासा न्हवं? मग द्या की. उरल्यालं वाया न्हाय घालवायची मी. आमच्या गावच्या मालकांच्या घरी राघू हाय, त्याच्या पिंजऱ्यात टाकीन. पाखराचं पाखराला."

मी रागावू शकले असते. पण तिच्या जागी मी असते, तर कुलूप बघून परत गेले नसते. विठाबाईच्या पाया पडले असते, भिंतीवरून चढले असते. आज ही, उद्या दुसरी. ज्या घरचं पाखरू मरेल ते पुन्हा लालासाबच्या दुकानाकडे बघणार. काजळीचं भांडं नुसतं लांब सारलं होतं. कुणी घासलं नव्हतं.

मी तिला भाकरी बांधून दिली. पेरू तिच्या हातातच राहिला. ती गेली तेव्हा एकदाही मागं वळली नाही.

लालासाबला मी निरोप धाडला. तो आला तेव्हा हुसेनबी बरोबर होती.

"त्या काकाकुव्याची मान मुरगाळणार होतात," मी म्हणाले. "बाबांनी हात धरला होता."

"तुम्ही धरा, ताई," तो म्हणाला. "अजून धरा. मी काय म्हणणार न्हाय. कुलूप लावू. मी राखन बसतो दाराशी."

"चाचा, तुम्हाला दमा आहे."

तो तिथेच पायरीवर बसून रडला. मग त्यानं पिंजरा उचलला. मी शास्त्रीच्या उघड्या डोक्यावरून बोट फिरवलं. ते ऊन लागत होतं. त्यानं माझं बोट चोचीत धरलं, हळू, पूर्वी धरायचा तसं. चोचीत जोर नव्हता.

हुसेनबी माझ्याजवळ बसून राहिली. परसातून काही आवाज आला नाही. लालासाबनं त्याला काकाकुव्याशेजारीच, पेरूखाली ठेवलं, आणि हात धुऊन, मला न भेटता, मागच्या दारानं गेला.

तिन्हीसांज झाली. विठाबाईनं माजघरात केर काढला, आणि पिंजरा टांगायचा तो आकडा पुसत राहिली. अंधार भिंतींवरून उतरून जमिनीशी आला. मी बसून होते. ऐकत होते.

मग उठले आणि दिवा लावला.